घरच्या वायफायवर

३ मार्च, मंगळवार

बंद! सकाळी लॅबमध्ये कवळीचे खालचे दात मेणात बसवायला घेतले, कानात इयरफोन घातले, अ‍ॅप उघडलं — 'घराबाहेरून पेटी उघडण्याची ही सेवा १ मार्चपासून बंद करण्यात आली आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार.' कसलं सहकार्य? मला विचारलं होतं कोणी?

चार वर्षांचा नेम. रेकॉर्डिंग साठवायची हार्ड डिस्कची पेटी दादाच्या घरी, मी शहराच्या या टोकाला, आणि आईचा आवाज कंपनीच्या मेहेरबानीने माझ्या कानात. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, आवाजावर तिने घर चालवलं. शेवटच्या वर्षी तिला दिसेनासं झालं तेव्हा मी तिचं बोलणं टिपून ठेवायला लागले. आई दादाकडे राहायची म्हणून पेटीही मीच तिथे बसवून दिली. एक्केचाळीस रेकॉर्डिंग. माझ्या फोनमध्ये त्यातलं एकही नाही! कधी उतरवून घेतलंच नाही. कशाला घेऊ, होतंच की.

दात वाकडे बसले. मालक म्हणाले, "ही कवळी आहे की कुंपण?" पुन्हा मेण वितळवलं.

४ मार्च

कंपनीला फोन. पाऊण तास संगीत ऐकवलं, मग एक गोड मुलगी. तीन महिने आधी मेल पाठवले होते म्हणे. गेले असतील जुन्या ऑफिसच्या पत्त्यावर.

"काळजी नको मॅडम, तुमचा डेटा अगदी सुरक्षित आहे. घरच्या वायफायवर केव्हाही बघू शकता."

"कोणाच्या घरच्या?"

तिला कळेना. तिचा काय दोष! पण फोन आपटलाच.

५ मार्च

दादाला मेसेज केला. चार वर्षांनी पहिला. 'आईची रेकॉर्डिंग हवी आहेत. पेटी दोन दिवस दे. परत आणून देईन.' लिहिताना तीनदा खोडलं. रागाने. (रागानेच.)

वाचलाय त्याने. उत्तर नाही.

६ मार्च

अजून नाही. मिठाची गुळणी धरून बसलाय. आई गेली तेव्हाही हेच — सगळं आटोपल्यावर मला फोन. मी पोचले तर पलंग रिकामा, चादरसुद्धा काढलेली. "आधी का नाही कळवलंस?" विचारलं, तर वहिनीसमोर, डॉक्टरांसमोर म्हणाला, "तू फक्त रेकॉर्ड करायला यायचीस. तिची कूस मी बदलायचो." विसरणार नाही मी ते.

७ मार्च, शनिवार

आलं उत्तर. 'पेटी हलणार नाही.'

बस. तीन शब्द. ना अगं, ना तुगं. त्याच्या बापाची आहे का पेटी? (माझ्याही बापाची नाही. माझ्या पगाराची आहे!)

आज लॅबमध्ये कानात काहीच नव्हतं. ग्राइंडरची घरघर ऐकत दिवस काढला.

८ मार्च, रविवार

जाऊन आले! घरात नाही, जिन्यात.

दुपारी तिसऱ्या मजल्यावर, मीटरच्या खोक्याखाली पायरीवर बसले. दाराबाहेर दादाचे बूट, टाच तशीच एका बाजूने झिजलेली. फोन काढला आणि वायफाय आपोआप लागलं! अजून तेच, मी घातलेला पासवर्ड. चार वर्षांत बदलायचं सुचलं नाही, आळशी कुठला. अ‍ॅपमध्ये पेटी दिसली. माझं नाव, माझा पासवर्ड — उघडली. एकेक उतरवायला घेतलं. जीव मुठीत. गोगलगायीच्या चालीने सरकत होतं.

वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ पिशव्या घेऊन आले. "कोणाकडे आलात?"

"कोणाकडेच नाही."

चोरासारखं बघून गेले. बरोबरच होतं त्यांचं. स्वतःच्या आईला चोरून नेत होते मी.

तेविसावं चाललेलं असताना वहिनी कचऱ्याची बादली घेऊन बाहेर. मला बघून थबकल्या. माझ्या हातातला फोन बघितला. आत गेल्या, दार लावलं. झालं, आता दादा येतो आणि तमाशा होतो! पण आतला टीव्ही बंद झाला, एवढंच. मग दार पुन्हा उघडलं आणि वहिनींनी एक स्टूल बाहेर ठेवलं.

"यावर बस. फरशी गार आहे."

आत ये म्हणाल्या नाहीत. दार लावून घेतलं. संताप आला, रडू आलं, आणि बसले स्टुलावर. कंबर गेली होती कामातून.

एक्केचाळीसच्या एक्केचाळीस आली. स्टूल दाराशी ठेवून निघाले. बेल वाजवली नाही. माझंही नाक काही लहान नाही.

९ मार्च

दिवसभर आई कानात. मालक म्हणाले, "आज कवळी हसतेय." जिंकले मी. मग एवढं कडू का लागतंय?

१० मार्च

दादाचा फोन आला. आवाज केवढा म्हातारा झालाय.

"मिळालं का सगळं?"

"हो."

मग म्हणाला, "पेटी उघडेना म्हणून दुकानात नेली होती मी, आई गेली तेव्हाच. दुकानवाला म्हणाला, पासवर्ड नसेल तर सगळं पुसूनच उघडावी लागेल. तशीच परत आणली. तेव्हापासून हलवली नाही. ... मला एखादं ऐकवशील? कुठलंही चालेल."

पेटीचा पासवर्ड मी बदलला होता. भांडणाच्या त्याच संध्याकाळी. विसरून गेले होते, असं लिहिणार होते. विसरले नव्हते.

"उद्या सांगते," म्हणून फोन ठेवला. कुठलं ऐकवू? एक्केचाळीसपैकी एकात आई मला हाक मारते. बाकी सगळ्यांत बोलता बोलता थांबते आणि दादालाच हाका मारते. चार वर्षं मी तेवढा भाग न ऐकता पुढे सरकवत आले.