हरिचंद्राचा हात माझ्या तिरडीला लागू नये

मी, बनूबाई सोमा गायकर, वय बासष्ट, राहणार कोंडेपाडा, बदलापूरजवळ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाशिवाय करीत आहे. धाक घालणारे गावात आहेत. त्यांची नावे पुढे येतीलच.

१. राहते घर, दोन खोल्या व परसू, मला माझ्या भावाने बक्षीसपत्राने दिलेले आहे. गायकरांपैकी कोणाचाही त्यावर हक्क नाही. माझ्या पश्चात ते विठा बाळाराम म्हात्रे हिला मिळावे. पुढच्या खोलीत आमच्या महिला बचत गटाचे मसाला कुटायचे यंत्र आहे. ते तिथेच चालेल.

२. विठा माझी नात्याची नाही, म्हणून कारण सांगते. माझा नवरा सोमा सख्ख्या भावाच्या, म्हणजे हरिचंद्राच्या, हातभट्टीची दारू पिऊन मेला. तेरावा होताच हरिचंद्राने भट्टी पुन्हा पेटवली. गटाच्या बैठकीत मी विचारले, ‘‘कुणाच्या घरात ही दारू येत नाही?’’ एकही हात वर झाला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही साऱ्याजणी भट्टीवर गेलो.

हरिचंद्र म्हणाला, ‘‘वहिनी, बायांनी मसाला कुटावा. गाव कुटायला निघू नये.’’

विठा म्हणाली, ‘‘गाव नाय रं, तुझी मडकी फोडतोय.’’

एवढ्या बोलण्यासाठी त्याने तिला विहिरीच्या वाटेवर गाठून काठीने तिचा उजवा हात मोडला. हात वाकडाच राहिला. सासरच्यांनी ‘‘भातलावणीला कामाची नाही’’ म्हणून तिला बाहेर काढले. ती माझ्याकडे आली, ती आजवर आहे.

३. माझा मुलगा विक्रांत यास काहीही नाही. आनंदनगरच्या कारखान्यातून परत येताना त्याने ती मारहाण डोळ्यांनी पाहिली आणि घरी येऊन रडत मला सांगितली. कोर्टात मात्र म्हणाला, ‘‘मी तिथे नव्हतो.’’ बाहेर आल्यावर मी विचारले, ‘‘खोटं का बोललास?’’

‘‘आई, काकांनी मला कामाला चिकटवलंय. तू जाशील, मला इथंच राहायचंय.’’

तर त्याने राहावे. काकाच्या घरात राहावे. लहानपणी तापात फणफणायचा, तेव्हा पाठीवर घेऊन मी उल्हासनगरला कॅम्प पाचच्या डॉक्टरकडे धावत असे. ते मला आठवते. कलम बदलत नाही.

४. हरिचंद्र निर्दोष सुटला. मग आम्ही भट्टीच्या वाटेवर पाळीपाळीने उभ्या राहिलो. जाणाऱ्याला स्वतःच्या आईसमोरून नाहीतर बायकोसमोरून जावे लागे. शिव्या खाल्ल्या, दगड खाल्ले, पण भट्टी बंद पडली. आता हाच माणूस महिला दिनाला हात जोडलेला फोटो लावून बॅनर टांगतो. त्याने माझ्या तिरडीला हात लावू नये. मला गटातल्या बायकांनी खांदा द्यावा, विठाने अग्नी द्यावा. शोकसभेत तो ‘‘वहिनी मला आईसारख्या होत्या’’ असे म्हणाला, तर जी बाई जवळ असेल तिने उठून त्याला खोटारडा म्हणावे. ही माझी विनंती नाही, आज्ञा आहे.

५. साक्षीदारांविषयी. घराचा फायदा गटाला होणार, म्हणून गटातल्या बायका घेऊ नका, असे वकिलांनी सांगितले. गावात ज्याला विचारले त्याला नेमके त्याच दिवशी काम निघाले. कॅम्प दोनमधली मालिनी, जिच्या दुकानात आमचा मसाला जातो, ती लगेच आली. दुसरे कोणी मिळेना. तेव्हा विक्रांतची बायको प्रीती म्हणाली, ‘‘आई, मी करते सही.’’

मी म्हटले, ‘‘साक्षीदाराला मला काही ठेवता येणार नाही. आणि घरी जाऊन नवऱ्याला तोंड द्यावं लागेल.’’

ती म्हणाली, ‘‘पेन द्या.’’

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझाच आहे, एक शब्दही मऊ केलेला नाही.

सही: बनूबाई सोमा गायकर

आम्हां दोघींसमक्ष त्यांनी सही केली:
१. मालिनी सुरेश तांडेल, उल्हासनगर कॅम्प २
२. प्रीती विक्रांत गायकर, कोंडेपाडा

उल्हासनगर कॅम्प ५, दिनांक ९ एप्रिल २००८