प्रोसिडिंग बुक पुन्हा घरी गेलं

प्रिय हौसाताई,

तुमची सून मंदा सरपंच झाली. काल तिची पहिली मासिक सभा झाली, आणि सभेला सरपंचच नव्हती! दोन्ही गोष्टी ग्रामसेवकांनी फोनवर सांगितल्या, तेही हसत. "भगवानशेठ बसले होते ना खुर्चीत. मॅडमकडं ठरावांचं प्रोसिडिंग बुक सहीला घरी पाठवलंय."

भगवान. तुमचा मुलगा! म्हणून लिहायला बसलो.

हरसूलच्या पुढं तुमच्या गावी मी पहिल्यांदा आलो, तेव्हा सरपंच तुम्ही होतात, खुर्चीत तुमचे मालक होते आणि तुम्ही दाराशी गोणपाटावर. नाशिकची शेवटची एसटी गाठायची होती, बातमी द्यायची होती. मी मालकांनाच प्रश्न विचारले. बातमीत 'सरपंच' म्हणून त्यांचंच नाव, त्यांचाच फोटो.

आठ दिवसांनी तुम्ही पेपरची घडी घेऊन ऑफिसात हजर! "भाऊ, ह्ये सरपंच कवा झाले? मला तर कोणी सांगितलं नाय."

सगळे हसले. तुम्ही नाही हसलात. खुलासा आतल्या पानात, दोन ओळींत येईल म्हटलं, तर म्हणालात, "फोटो एवढा मोठा, आन चूक एवढी बारकी?"

दोनच ओळी छापल्या, ताई. आजही लाज वाटते.

पुढच्या महिन्यात शिपाई बुक घेऊन तुमच्या दारी आला. तुम्ही नागली दळत होतात. "बुक माघारी ने. मीच येते तिकडं." गेलात, अक्षर येत नव्हतं म्हणून ठराव मोठ्यानं वाचायला लावलात. वरच्या पाड्याचा हातपंप ठरावात उपसरपंचाच्या अंगणात निघाला! सही केली नाहीत. पंप पाड्यावर गेला.

मग घरात भगवानला हे का नाही सांगितलंत? का सांगितलंत, आणि त्याला खुर्ची तेवढी आठवली? रागवू नका. पण इतक्या वर्षांनी तेच बुक, तेच दार! कंटाळा येतो हो.

आज दुपारी मंदाचा फोन आला, बाजारातल्या बूथवरून. ती दहावी शिकलेली. "दादा, बुक वाचलं मी. पाण्याच्या टाकीच्या ठरावात वरच्या पाड्याचं नावच नाय. सही केली नाय अजून."

"भगवान काय म्हणतो?"

"म्हणत्यात, तू सही कर, बाकीचं मी बघतो. मी म्हटलं, आत्याबाईंनी केली असती का?"

पण बुक अजून घरातच आहे.

सोमवारी ग्रामसभा आहे. टाकीचा ठराव पुन्हा येईल, आणि खुर्चीत भगवानच बसायला बघेल. मी पहिल्या एसटीनं येतोय. त्याला एकही प्रश्न विचारणार नाही. मंदा खुर्चीत असो की दाराशी, विचारीन ते तिलाच. नाव तिचंच छापीन.

आणि या वेळी फोटो मोठा.

तुमचा,
पेपरवाला भाऊ