झुबारेव पाहुण्यांची पंगत

विश्रामबाग, सांगली
४ फेब्रुवारी १९७३

ती. अक्कास,
लालासाहेबाचा शि. सा. न. वि. वि.

दिवसा कॉलेज, संध्याकाळी भाषांतर. जीव अगदी विटून गेलाय. ज्यांचं अर्थशास्त्राचं पुस्तक मी मराठीत करतोय, ते झुबारेव मॉस्कोहून येताहेत. त्यांना दुष्काळातलं गाव बघायचंय, म्हणून तुझ्याकडे आणतो.

तीस वर्षं ते वर्तमानपत्रात लिहिताहेत. पण काय? वरून सांगतील तेच. पीक भरघोस, लोक खुशाल! लहानपणी त्यांच्या गावातली निम्मी माणसं भुकेनं गेली, त्यावर ओळसुद्धा लिहू दिली नाही. म्हणतात, परक्या देशाची भूक तरी छापतील. एक खरा लेख लिहितो आणि थांबतो, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा अक्का, आहे तसंच दाखव.

दाजींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
लाला

आटपाडी
११ फेब्रुवारी १९७३

चि. लालास,
अक्काचे अ. आ.

लय शाना झालास रं! पाव्हण्याच्या ताटात रेशनच्या तांबड्या मिलो जोंधळ्याची भाकर वाढू व्हय? जनावरं छावणीत हायती. तुजं दाजी मेंढरं घिऊन लोणंदाकडं गेल्यात. मी दुष्काळी कामावर खडी फोडती, हाताला घट्टं पडल्यात. पर घरची रड पाव्हण्याफुडं काढायची न्हाई, ही आपली रीत हाय.

शेजारची दगडाबाई बियाचं गहू देती म्हनलीया. माघारी ठेवल्याला बकरा हाय, त्यो कापू. तू घोर लावून घिऊ नगं. आनि जरा खात जा, मागच्या टायमाला नुसता काटकुळा दिसत हुतास.

सय ठेव.

तुजी अक्का,
तानुबाई

विश्रामबाग, सांगली
९ मे १९७३

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

झुबारेवांचं पत्र आलं. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

त्या दिवशी पंगतीत त्यांनी एकेकाला विचारलं, घरात काय कमी आहे? तू, दगडाबाई, सगळे एकच बोललात, काई कमी न्हाई, पोटभर जेवा. मीही मुकाट्यानं तेच रशियनमध्ये सांगत गेलो. ते फसले नाहीत गं. भुकेच्या त्या साली त्यांच्या आईनंही दारात आलेल्या सरकारी तपासनिसाला लपवलेलं बियाणं रांधून घातलं होतं.

त्यांनी भूकच लिहिली. संपादक म्हणाले, उपाशी आहे असं कोण बोललं, एक नाव सांगा. नाव नव्हतं. मग छापून आली ती फक्त पंगत, गहू आणि मटण, आणि खाली त्यांचं नाव. त्यांनी काम सोडलं. तुला कळवू नको म्हणाले, पण माझ्याच्यानं राहवलं नाही. अक्का, आता पुस्तकाचं पान पुढं सरकत नाही.

काहीही झालं तरी तुझा लोभ असू दे.

लाला

आटपाडी
१६ मे १९७३

चि. लालास,
अ. आ.

तुजं पत्र वाचलं. त्या मानसानं दोन घास खाऊन ताट पोरांकडं सारलं, तवाच मी उमजाय पायजे हुतं. मला वाटलं, पाव्हण्याला कालवण तिखाट लागलं. पर लाला, दारात आल्याल्या मानसाला कसं सांगायचं रं, आमी उपाशी हाय म्हनून?

आता लिव त्याला. तानुबाई सांगती, आमी उपाशी हुतो. ती पंगत उठली, आनि दुसऱ्या दिशी चूल पेटली न्हाई. गावाचं नाव घाल, माजं घाल. पेपरवाल्यांनी न्हाई छापलं तर ऱ्हाऊ दे. पर त्याला कळाय पायजे, त्यानं लिवलं ते खरं हुतं.

आईमाघारी तूच हायस, येत जा.

तुजी अक्का,
तानुबाई