आबा, घरात होम थिएटर आणलं

आबा, मी घरात होम थिएटर आणलं. तुम्ही असता तर पंजा उलटा करून, भुवया उडवून विचारलं असतं, हे काय नवीन? सांगतो. सिनेमाघरासारखा आवाज घरात यावा म्हणून टीव्हीच्या आजूबाजूला लावायचे डबे असतात. तीन पुढे, दोन पाठीमागे भिंतीवर, आणि एक मोठा डबा खाली जमिनीवर. तो बोलत नाही, नुसता धडधडतो. लिंबायतच्या आपल्या एवढ्याशा घरात, जिथे बसल्या जागेवरून हात लांबवला तर चहाचा कप स्वयंपाकघरात पोचतो, तिथे हे सगळं कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटत होतं. पण घरात वर्षभर एकच कटकट चालू होती, टीव्हीचा आवाज. मी वाढवायचो, तुमची सून कमी करायची. शेजारचा भिंत ठोकायचा. मी म्हणायचो, टीव्ही खराब आहे, नवीन टीव्ही पापडासारखे पातळ, त्यांच्यात आवाज कुठून येणार? सून म्हणायची, "नाचता येईना अंगण वाकडं." ती काय सुचवते आहे ते मला कळत होतं, आणि तेच मला ऐकायचं नव्हतं. कारण मला काहीही झालेलं चाललं असतं आबा, पण तुमच्यासारखं झालेलं चाललं नसतं.

रागावू नका. शेवटची वर्षं तुम्ही कसे बसायचात ते मी बघितलंय. खाटेवर, भिंतीला टेकून. घरात लग्नाची बोलणी होवोत की भांडण होवो, तुम्हाला कुणी काही सांगायचं नाही. सांगायचं तर ओरडून सांगावं लागायचं आणि ओरडून सांगितलं की साधी गोष्टसुद्धा शिवी दिल्यासारखी वाटायची. त्यापेक्षा न सांगितलेलं बरं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मला त्याची किळस यायची. तुमची नाही म्हणत, पण आता लिहायलाच बसलोय तर खरं लिहितो, थोडी तुमचीही यायची. माणूस असा फर्निचर होऊन कसा बसतो, असं वाटायचं. तेव्हा ठरवलं होतं, आपलं असं होऊ द्यायचं नाही. म्हणून दिवाळीचा बोनस आला तसा मी सुनेला आणि नातीला घेऊन उधन्याच्या दुकानांमध्ये हिंडायला लागलो. टीव्हीच खराब आहे, हे एकदा सिद्ध करून टाकायचं होतं.

आबा, त्या दुकानांची मला शिसारी आली. आपण बजेट सांगितलं रे सांगितलं की दुकानदाराचा चेहरा आंबतो. मग तो आपल्याला मागच्या खोलीत नेतो, जिथे आपल्यासारख्यांसाठी ठेवलेला माल असतो. निळे-जांभळे दिवे लुकलुकणारे डबे. खोक्यावर वॅटचे आकडे असे लिहिलेले की त्या ताकदीवर आपली अख्खी गल्ली उजळावी, आणि डबा हातात घेतला तर बिस्किटाच्या रिकाम्या पुड्याएवढा हलका. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. पाठीमागचे दोन डबे तर कितीतरी सेटमध्ये नुसते शोभेला. कान लावून ऐकलं तर आत माशी अडकल्यासारखा आवाज. आणि प्रत्येक जण लावून काय दाखवणार? मोटारी उडताना, घरं कोसळताना. बोलणारी माणसं कुणीच दाखवत नाही. "काका, बेस जुओ बेस! छाती हिल जाएगी." अरे, छाती हलवून घ्यायला मी पैसे देऊ? कापड विणायच्या खात्यात तुमच्या शेजारच्या सांच्यावर, मागावर, मी उभा राहत होतो तेव्हा छातीच काय, दाढासुद्धा हलायच्या, आणि उलट शेठ त्याचा पगार द्यायचा. त्या धडधडीतून सुटायला मी खातं सोडलं, कपडा मार्केटमध्ये पार्सलं बांधायला लागलो. आता तीच धडधड हप्त्यावर विकतात, आणि लोक रांगेत उभे राहून घेतात. थू.

त्या धडधडीत उभा असताना मला माझा खात्यातला पहिला आठवडा आठवला. मी नवा नवा कामाला लागलोय. कान इतके दुखतात की माय मला कापसाचे बोळे करून देते. मी ते कानात घालून सांच्यावर उभा आहे आणि तुम्ही तुमचे सांचे सोडून तरातरा माझ्याकडे येता. सगळे कारागीर बघतायत. तुम्ही माझ्या दोन्ही कानांतले बोळे ओढून काढता आणि खाली टाकता. "कापूस काढ. मशीन काय सांगस ते आयकू येवाव नही." धोटा अडकायच्या आधी सांच्याचा आवाज बदलतो, तो ज्याला ऐकू येत नाही त्याचं कापड बिघडतं आणि पगार कापला जातो, हे तुम्ही मला नंतर चहाच्या गाडीवर समजावलंत. खरंच होतं ते. पण शेठची केबिन काचेची होती आबा. दार लावलं की आत टाचणी पडलेली ऐकू यावी. त्या माणसाला कानाची किंमत बरोबर ठाऊक होती, स्वतःच्या कानाची. आणि तुम्ही मला मशीनचं ऐकायला शिकवलंत. इतकी वर्षं झाली, तरी ते बोळे आठवले की मला शेठची चीड येते आणि तुमचीही येते. कोणाची जास्त, ते विचारू नका.

एक मात्र मी तिथे झटकन शिकलो. खात्यात ओरडून उपयोग नसतो. ओठ मोठे करायचे, सावकाश हलवायचे, आणि समोरच्याने ते बघायचे. दोन रांगा पलीकडून लोक एकमेकांना घरचं, बाजारचं, गावाकडचं सगळं सांगायचे, चावट विनोदसुद्धा. आवाज कशाला लागतो? आपल्या घरीही तेच. तुम्ही बारा तासांची पाळी करून यायचात आणि खात्यातलीच बोली घरात चालू ठेवायचात. माय चुलीसमोरून वळून नुसते ओठ हलवायची, "जेवाले या," आणि आपण दोघं उठायचो. पाहुण्यांना वाटायचं, या घरात भांडण झालंय, कुणी कुणाशी बोलत नाही. आपल्याला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. खात्यातल्या सगळ्याच घरांत तसं होतं.

तर दुकानं हिंडून शेवटी एक बरा माणूस भेटला. त्याने मोटारी उडवल्या नाहीत. मी म्हणालो, मला माणसं बोलताना दाखव. त्याने एक हिंदी सिनेमा लावला, नवरा-बायको टेबलाशी बसून भांडतायत. आधी स्वस्त सेटवर, मग जरा महाग सेटवर. सून आणि नात दोघी एकदम म्हणाल्या, महागातला घ्या, त्याचा मधला डबा चांगला आहे, बोलणं स्वच्छ येतं. मला तर दोन्हीकडे शब्द न् शब्द कळत होता. मी म्हणालो, उगाच कशाला जास्त पैसे घालायचे? दुकानदारसुद्धा म्हणाला, "काका, बेन साचुं कहे छे." बेन खरं बोलते म्हणे. मी म्हणालो, माझे कान मला माहीत आहेत. अशा तोऱ्यात म्हणालो की आता आठवलं तरी तोंड कडू होतं.

रविवारी स्वस्तातला सेट घरी लागला. सकाळी हिंदी सिनेमा बघितला, मला सगळं लख्ख. नात म्हणाली, "पप्पा, डायलॉग संभळाता ज नथी, ऐकूच येत नाहीत, नुसतं धडधड." मी तिला म्हणालो, कानातला मळ काढ. संध्याकाळी त्या दोघींनी साउथचा सिनेमा लावला, हिंदीत डब केलेला. आणि आबा, मला एक शब्द कळेना. माणसं तोंडं हलवतायत, खालच्या डब्यातून गडगडाट येतोय, बोलणं म्हणून काही नाही. मी आवाज वाढवला. शेजारच्याने भिंत ठोकली. मी आणखी वाढवला. त्या दोघींना निदान निम्मं तरी कळत होतं, मला शून्य. माझं डोकंच उठलं. चोर आहे तो दुकानदार, दाखवला एक आणि बांधून दिला दुसरा! दुसऱ्या दिवशी रजा टाकली, सगळे डबे उतरवले, रिक्षात घातले. सून नको नको म्हणत होती. शेवटी तीही बरोबर आली, मी तिथे मारामारी करीन या भीतीने.

दुकानात मी काय काय बोललो ते लिहीत नाही. त्या माणसाने ऐकून घेतलं. माझाच सेट खोक्यातून काढून जोडला आणि तोच साउथचा सिनेमा लावला. कळेना. महागातला जोडला. कळेना. मग त्याच्याकडचा सगळ्यात भारी सेट, ज्याची किंमत विचारायचीही आपली छाती नाही, तो लावला. तरी कळेना. सुनेला मात्र सगळं कळत होतं, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला इतका वीट आला, त्या डब्यांचा, त्या दिव्यांचा, माझ्यामागे उभं राहून तमाशा बघणाऱ्या गिऱ्हाइकांचा, की मी तोंड फिरवलं. समोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही लावलेला होता. त्यावर एक बाई हिंदीत बातम्या देत होती. उद्या अवकाळी पाऊस आहे, नदीकाठच्या लोकांनी सामान हलवावं. स्वच्छ, खणखणीत, एक अक्षर इकडे-तिकडे नाही. मी दुकानदाराला म्हणालो, "याला म्हणतात आवाज! हा बघ. याला कुठला सेट जोडलाय? मला हाच दे."

दुकानदाराने टीव्हीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग सुनेकडे. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं असावं, मी वळलो तेव्हा एकजण तोंडावर हात धरून उभा होता. "काका," दुकानदार माझ्यासमोर येऊन म्हणाला, "ए तो म्यूट छे."

मग मला सगळं उलगडलं. हिंदी सिनेमा मला कळतो, कारण तिथे ओठ आणि बोलणं एक असतं. डब केलेल्या सिनेमात ओठ तेलुगू बोलतात आणि हिंदी आवाज मागून चिकटवलेला असतो, म्हणून मला काहीच कळत नाही. मी ऐकतच नव्हतो, आबा. मी बघत होतो. किती वर्षं बघत होतो कोण जाणे, आणि बघितलेलं माझ्या डोक्यात ऐकल्यासारखं होत होतं. टीव्ही चांगला होता. दुकानदार चांगला होता. मी नातीला कानातला मळ काढायला सांगितला होता. त्या काचेसारख्या चकचकीत दुकानात, त्या निळ्या-जांभळ्या दिव्यांत उभं राहून मला स्वतःची जी शिसारी आली, तशी आयुष्यात कशाची आली नव्हती.

सुनेने माझा दंड धरला. जास्तीचे पैसे भरून तिने तो चांगल्या मधल्या डब्याचा सेट घेतला, ती आणि नात म्हणत होत्या तो. परत येताना रिक्षात मी तिला विचारलं, "तुला माहीत होतं?" ती आधी पुढे सरकली, मान वळवून चेहरा पूर्ण माझ्याकडे केला, मग म्हणाली, "मागून हाक मारली तर तुम्ही ओ देत नाही, त्याला लई दिवस झाले. मी पुढे येऊनच बोलते." मी म्हणालो, मग सांगितलं का नाही? ती म्हणाली, "सांगितलं ना. तुम्ही म्हणालात टीव्ही खराब आहे." कानाच्या डॉक्टरकडे तिने नाव घातलंय. जाईन. मशीन लावतील म्हणे कानात. या शब्दाचासुद्धा मला वीट आलाय.

हे पत्र कुठे टाकणार? लिहून झालं की घडी करून ठेवीन, नाहीतर फाडीन. पण एक गोष्ट राहिली. वर तुमचं ते कापसाचं वाक्य मी लिहिलं ना, तेव्हा थांबलो होतो. ते वाक्य मला आठवतं, तुमचे ओठ आठवतात, खालचा जरा फाटलेला, मिशीत अडकलेलं कापसाचं तूस आठवतं. तुमचा आवाज आठवेना. जाड होता की बारीक, तेसुद्धा नाही.  तुम्ही मला कितीदा रागावलात, किती समजावलंत, दारात उभं राहून हाका मारल्यात, ते सगळं दिसतं आणि एकालाही आवाज नाही. शेवटी सुनेजवळ जाऊन सहज विचारल्यासारखं विचारलं, आबांचा आवाज कसा होता गं? ती भाजी चिरता चिरता थांबली, मान वर करून माझ्याकडे बघत म्हणाली, "बारीक होता. एवढा आडदांड माणूस, आणि आवाज बाईसारखा किनरा. तुम्हाला आठवत नाही?"

मी म्हणालो, आठवतो ना.