खिशातली हिरवी लोकर

मी, खाली सही करणारा, बंदुका-पिस्तुले दुरुस्त करण्यात हयात घालवलेला निवृत्त कारागीर, पूर्ण शुद्धीत आणि कोणीही मानगुटीवर बसलेले नसताना हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. जावई आधी त्यावरच बोट ठेवणार, म्हणून तो घेतला. यापूर्वीची सगळी मृत्युपत्रे रद्द.

कलम १. कानशी, पकडी, भिंग आणि कामाचे टेबल धाकट्या भावाला. मला न विचारता नेलेली अवजारे त्याने परत आणायची गरज नाही. त्याच्या घरात ती शोधायलाही कोणी जाऊ नये, सापडणार नाहीत.

कलम २. खिशात मावणारी माझी तीन पिस्तुले रीतसर परवानगी काढून संग्रहालयाला द्यावीत. तिथल्या साहेबांना पाटीवर काहीतरी ठोकून द्यायची सवय आहे, म्हणून माहिती मीच देतो. सर्वांत जुने चकमकीचे, म्हणजे गारेच्या ठिणगीने बार उडणारे. त्याचा चाप पोटात दडलेला असतो, घोडा मागे ओढला की खाली येतो. दुसऱ्याचा घोडाच आत लपवला आहे आणि कडा घासून गोल केल्या आहेत. पिस्तूल लहान करणे सोपे, ते अस्तरात न अडकता बाहेर येणे कठीण. कारागिरांच्या पिढ्या त्यातच गेल्या. मात्र या दुसऱ्यात गोळी भरताना वरचा भाग मागे खेचायला मनगटात जोर लागतो. तिसऱ्याला तो लागत नाही. खिट्टी दाबली की नळी मागच्या बाजूने वर उचलली जाते आणि गोळी बोटांनी आत ठेवता येते. हातात ताकद नसलेल्यांसाठी ही सोय केली.

कलम ३. या तिसऱ्यात मला लोकर सापडली. कपाटातल्या पिस्तुलावर धूळ बसते; लोकर खिशातून येते. कोणीतरी ते घेऊन फिरत होते. माझा संशय सरळ जावयावर गेला. "बाबा, ते खेळणं मला कधी देताय?" असे तो येता-जाता विचारायचा, आणि अडीअडचणीला म्हणून माझ्या दाराची एक किल्लीही त्याने मागून घेतली होती. तो जेवायला बसला असताना मी त्याच्या कोटाचे खिसे उलटे केले. गुळगुळीत अस्तर, एक तंतू नाही. भावाच्या खिशात तंबाखूचा भुगा. लोकर हिरवी होती. हिरवा स्वेटर या घरात एकच, माझ्या मुलीचा, तिच्या आईने विणलेला.

मुलगी दोन दिवसांसाठी आली ती राहिलीच होती. मनगट सुजलेले. दारात सापडले म्हणाली होती. तीन पिस्तुलांतून तिने नेमके जोर न लागणारे उचलले होते. ते कशाला, असे मी तिला विचारले.

"तो न्यायला आला की हात खिशात ठेवते, बाबा. बरं वाटतं."

"अगं, त्यात गोळ्या नाहीत."

"माहितेय. त्याला कुठे माहितेय?"

"आणि मनगट?"

"दाराचं काही नव्हतं, बाबा."

मी तिच्याजवळ बसून रडलो. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

कलम ४. राहते घर मुलीला, असे मी सांगू लागलो तेव्हा टाइप करणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, हे तुम्ही गेल्यावर लागू होणार."

"तोवर तिने काय खिशात हात घालून बसायचं?"

त्यांनी तो कागद बाजूला ठेवून बक्षीसपत्र केले. घर आता मुलीचे आहे आणि मी तिच्याकडे राहतो. त्यामुळे या कलमात द्यायला काही उरलेले नाही.

कलम ५. जावयाजवळची किल्ली त्याच्याकडेच राहू द्यावी. ती आता या घराच्या कोणत्याही कुलपाला लागत नाही.

सही: कारागीर
साक्षीदार: डॉक्टर, दाखला देणारे. मुलीचे मनगट तपासून तोही दाखला यांनी लिहून दिला.
साक्षीदार: कुलूपवाला. आधी दाराचे काम संपवले, मग सही केली.
ठिकाण: मुलीचे घर
तारीख: बक्षीसपत्रावर आहे तीच