नेमकं अकराला जाणारं नेट

सोमवार, ३ फेब्रुवारी

गेलं! अकरा वाजून चार मिनिटांनी. माझा साहेब विराज काहीतरी विचारत होता आणि स्क्रीनवर त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. राउटरवर डीएसएलचा दिवा लुकलुकतोय, इंटरनेटचा लालभडक. बंद केला, तीस आकडे मोजले, चालू केला. चार मिनिटांनी परत मीटिंगमध्ये शिरले तर साहेब म्हणतात, "वेलकम बॅक, उल्का." त्या त्यांच्या सुरात!

महिन्याच्या पहिल्याच कामाच्या दिवशी एक गेला. उरले नऊ.

नियम एकदा लिहूनच काढते, म्हणजे डोक्यात भुणभुणायचा थांबेल. सगळ्यांना बेळ्ळंदूरच्या ऑफिसात परत बोलावलंय. मला एकटीला घरून काम करायची सूट, कारण ऑक्टोबरमध्ये सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. जानेवारीत कॉलवर विराजसमोर जवळजवळ रडलेच होते — "आई एकट्या उठू शकत नाहीत, मला घरीच राहू द्या." दिली सूट. पण अट घातली. फेब्रुवारीत दहा वेळा लाइन तुटली तर चालेल, अकराव्यांदा तुटली की सूट रद्द. मोबाइलचं नेट ऑफिसच्या नियमात बसत नाही. फायबर आमच्या मारतहळ्ळीच्या गल्लीत नाही, लोक रस्ता खणू देत नाहीत. मग उरलं काय? सासऱ्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेली टेलिफोनची तार, आणि तिच्यावरून येणारं हे नेट. ते गेले, तार राहिली.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

परत. ११:०६. दोन.

जेवायच्या सुट्टीत कस्टमर केअरला फोन. "मॅडम, राउटर रीस्टार्ट केलात का?" केला. "तीस सेकंद थांबलात का?" थांबले. "परत एकदा कराल का?" मग धडधडीत चालू असलेलं नेट मी बंद केलं, त्या मुलीच्या समाधानासाठी! तक्रार नोंदवली. संध्याकाळी मेसेज — आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. कोणी सोडवली? कुठे बसून?

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

चार झाले. चारही अकरा ते सव्वाअकराच्या मध्ये, म्हणजे ऐन मीटिंगमध्ये. बाकी दिवसभर नेट कसं गुणी बाळ! मुद्दाम करतंय माझ्याशी.

आजचा दिवस: सहाला उठले. आईंना हात देऊन उठवलं, वॉकरने बाथरूमला नेलं, चहा, गोळ्या, व्यायाम. साडेनऊला माझ्या खोलीत, दार बंद, कानाला हेडफोन. दीडला बाहेर, आईंना जेवण. दोनला आत. सातला बाहेर. स्वयंपाक. बस. ऑक्टोबरपासून मी एकटी कुठे गेले असेन तर कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत. तिथल्या अण्णांना आईंच्या गोळ्यांची यादी पाठ आहे, एवढाच काय तो माझा समाजाशी संबंध.

आईंच्या मैत्रीण धनलक्ष्मीअक्का पलीकडच्या गल्लीत राहतात. पूर्वी रोज साडेदहाला यायच्या. पण त्यांचा आवाज असा, की हेडफोनमधून पुण्याच्या टीमलाही ऐकू जायचा. शेवटी मीच सांगितलं, शनिवार-रविवारी या हं.  आई कानडीत "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या.

नवऱ्याचा, अवधूतचा, फोन हैदराबादहून. महिन्यातून दोनदा येणार, दोन दिवस राहणार, आणि रोज फोनवर तेच वाक्य — "तू घरी आहेस म्हणून मी निर्धास्त आहे." प्रेमाने म्हणतो हो. पण ते ऐकलं की मला दार बाहेरून लावून घेतल्यासारखं होतं.

रविवार, ९ फेब्रुवारी

काल आणि आज दोन्ही दिवस नेट एकदाही गेलं नाही. एकदाही! धनलक्ष्मीअक्का आल्या होत्या. दोघींचं मराठी-कानडी कालवलेलं बोलणं तीन तास. आई मोठ्याने हसल्या. मी आपली राउटरच्या दिव्यांकडे बघत बसले. वेड लागायचं बाकी आहे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

काल पाचवा.

आज लाइनमन आला एकदाचा. महांतेश नाव, निपाणीकडचा, मराठी बोलतो. इतकं बरं वाटलं कानाला! त्याने खांबावरची जोडणी बदलली, बाहेरचा डबा उघडला, मुंग्या झटकल्या. साडेदहा ते बारा इथेच होता. तेवढा वेळ नेट जाईल तर शपथ!

"लाइन एकदम क्लिअर हाय की अक्का."

"रोज अकराला जातं हो."

"आत्ता अकराला कुठं गेलं?"

 त्याने विचारलं, घरात आणखी फोन जोडलाय काय, पॅरलल? म्हटलं, आतल्या खोलीत सासऱ्यांच्या वेळचा डबडा आहे, पण तो कधीचाच मेलाय, वाजतसुद्धा नाही. पलंगावरून आईही म्हणाल्या, "हो हो, बंदच आहे तो." सरी म्हणून तो गेला. तक्रार पुन्हा एकदा सोडवण्यात आली.

बुधवार, १२ फेब्रुवारी

११:०३. सहा. महांतेशचा फोन उचलला जात नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज रजा. आईंना घेऊन डॉक्टरांकडे. कॅबमध्ये दीड तास, तपासणी सात मिनिटं. एक्स-रे बघून डॉक्टर खूश — "आता चालायला हवं यांनी. एकट्या उठता का?" आई म्हणाल्या, "नाही हो, हात लागतो अजून." डॉक्टरांनी भुवया उंचावल्या.  म्हणजे अजून किती महिने?

घरी आल्यावर राउटरच्या पानावर जाऊन लॉग पाहिला, त्यात लाइन तुटल्याच्या सगळ्या वेळा येतात. आज एकही नाही! मी रजेवर, तर तेही रजेवर.

सोमवार, १७ फेब्रुवारी

शुक्रवारी सातवा, आज आठवा. आज माझं प्रेझेंटेशन होतं. तिसऱ्याच स्लाइडला धाडकन सगळं बंद. परत येईपर्यंत विराजने ते दुसऱ्याच कुणाकडून उरकून घेतलं होतं. मग वेगळा फोन करून म्हणाला, "मैं समझता हूँ, उल्का, पर पॉलिसी है." त्याचंही काय चुकलं?

शेजारच्यांचा पाण्याचा पंप अकराला लागतो का, हे विचारायला गेले. नाही, सकाळी सातला. त्या बाई माझ्याकडे जरा घाबरूनच बघत होत्या.

सूट गेली तर काय? नोकरी सोडणं आम्हाला परवडणार नाही. अवधूतला मागे म्हटलं होतं, मी ऑफिसला जाईन, धनलक्ष्मीअक्का दिवसभर बसतील आईंजवळ. तर म्हणाला, "आईला परक्यांच्या भरवशावर टाकायचं?" विषय संपला. सूट गेली तर आई एकट्या पडतात, हे त्याचं म्हणणं; सूट राहिली तर मी. हे शेवटचं तो म्हणाला नाही. ते माझं आहे.

गुरुवार, २० फेब्रुवारी

नऊ. ११:०५.

सोमवार, २४ फेब्रुवारी

 नीट लिहायला हवं.

११:०४ ला गेलं. दहावा. एरवी मी खोलीतच राउटरशी झटत बसते, पण आज विराजला लगेच कळवावं म्हणून मोबाइल घेऊन बाहेर आले, खोलीत सिग्नल मिळत नाही. बघते तर हॉलमधला आईंचा पलंग रिकामा! वॉकर पलंगाशेजारी जसाच्या तसा.  पडल्या! कुठे पडल्या?

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज. आई बोलत होत्या. दाराच्या फटीतून पाहिलं — उभ्या! एक हात टेबलावर, दुसऱ्या हातात त्या मेलेल्या फोनचा रिसीव्हर. त्याची फक्त घंटा मेली होती तर.

"चालते गं मी, धनलक्ष्मी. घरात काठीपण लागत नाही. पण तिला कसं सांगू? साहेबापुढे रडली ती, घरी राहू द्या म्हणून. मी या कानांनी ऐकलं. मी चालते कळलं की तिला रोज त्या ट्रॅफिकमध्ये जावं लागणार. पोरीला घरी राहायचंय तर राहू दे. मी पडते आडवी. पंखा बघत. ... काय करू, कंटाळा येतो गं. फार कंटाळा येतो. म्हणून तर अकराला तिची मीटिंग सुरू झाली, ती बाहेर यायची नाही, की तुला फोन करते. माझा मोबाइल तिच्याच टेबलावर असतो चार्जिंगला."

मी चोरासारखी परत खोलीत येऊन बसले. हेडफोन परत घातला नाही. थोड्या वेळाने सपातांचा आवाज. नऊ पावलं. पलंग करकरला. आणि मग —

"उल्का, जरा हात देतेस का गं? बाथरूमला जायचंय."

मी गेले. हात दिला! त्यांनी तो घट्ट धरला, आणि आम्ही दोघी हळूहळू, एकेक पाऊल टाकत, बाथरूमला गेलो. मला हसू येत होतं आणि रडूही. माझ्यासाठी आजारी पडून राहिल्यात त्या! आणि मी त्यांच्यासाठी कोंडून घेतलंय.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सकाळी नऊला महांतेशला गाठलं. सांगितलं, तो फोन जिवंत आहे. दहाला हजर.

"मी विचारलं होतं न्हवं अक्का? ह्याला फिल्टर लागतो की! नसला तर हिकडं रिसीव्हर उचलला की तिकडं नेट ढप्प." हे सगळं एवढ्या मोठ्याने, की गल्लीला कळावं. पिशवीतून काडेपेटीएवढी पांढरी डबी काढली, भिंत आणि फोन यांच्यामध्ये खोचली. दोन मिनिटांचं काम. जाता जाता पलंगाकडे बघून, "येतो अज्जी." आई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. ऐकलंय त्यांनी सगळं.

मला कळलं हे त्यांना कळलंय.  तरी दिवसभरात वरणात मीठ कमी आहे, एवढंच संभाषण. अकराला नेट गेलं नाही. त्या फोनपाशी गेल्याच नाहीत.

एक गोष्ट इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे लिहू? तो डबी खोचत होता तेव्हा माझ्या मनात आलं — राहू दे ना! नको लावू! उद्या जाऊ दे अकरावा, आणि मी सुटेन. लिहिताना लाज वाटतेय. पण आलं मनात.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्रीची सुट्टी. खिचडी केली. अवधूतचा फोन आला तेव्हा हिंमत करून बोलले. आई एकट्या चालतात आता, अगदी व्यवस्थित. मी ऑफिसला जाते, अक्का बसतील.

"डॉक्टर म्हणाले तसं? परत पडली म्हणजे? उल्का, तू घरी आहेस म्हणून मी—"

"निर्धास्त आहेस, माहितीये!" ओरडलेच मी. "मी नाहीये निर्धास्त! माझा जीव गुदमरतोय इथे. मला माणसं बघायचीत, ऑफिसातला तो पांचट चहा प्यायचाय, मला त्या ट्रॅफिकमध्ये अडकायचंय! घरी राहायला मी कधीच रडले नव्हते रे, तुझ्या आईसाठी रडले होते!"

 मग म्हणाला, शांत झालीस की बोलू. ठेवला.

मागे वळले तर आई पलंगावर उठून बसलेल्या. स्वतःच्या स्वतः. माझ्याकडे बघत होत्या. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

दहावरच. विराजचा मेसेज — "बस एक दिन और. फिर छह महीने का अप्रूवल पक्का." सहा महिने! अभिनंदन म्हणून खाली टाळ्या वाजवणारे हात पाठवलेत. आईंनी विचारलं म्हणून सांगितलं, उद्या एकदा जरी लाइन तुटली तर सूट रद्द.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

११:०४. गेलं. अकरावा.

राउटरला हातही लावला नाही. आतल्या खोलीत गेले. आई फोनपाशी ताठ उभ्या. महांतेशने खोचलेली पांढरी डबी काढून टेबलावर ठेवलेली, तार पूर्वीसारखी सरळ भिंतीत. मला पाहून रिसीव्हर लपवला नाही. हातानेच 'थांब' म्हणाल्या.

"हं, धनलक्ष्मी, ऐक. सोमवारी नऊला ये. दिवसभराची ये. सून ऑफिसला निघालीय."