कमळाचे कंद रांजणामागं आहेत

थोरल्या जाऊबाईंस,

पाटी सापडली म्हणून मला माहेरी धाडताहेत. भाऊ बैलांची दमणी जुंपून आला आहे. तुम्ही मळ्यातून याल तेव्हा मी साखरखेर्ड्याच्या वाटेला लागलेली असेन.

कमळाचे कंद ओल्या गोणपाटात आहेत, ते आजच लावा. हौदात वीतभर काळी माती पसरून कंद आडवा निजवा. माती दाबा, पण कोंभ मातीखाली जाऊ देऊ नका, कुजतो. वर पाणी चार बोटंच ठेवा, पानं उभी राहतील तसं वाढवा. आई लावताना म्हणायची,

कंद निजू दे गं बाई, काळ्या मातीच्या कुशीत
कोंभ राहू दे उघडा, सूर्यदेवाच्या दृष्टीत

मामाजींनी पाटी पुढं धरली तेव्हा तुम्ही म्हणालात, "मले काय माईत, हे धाकटीचं खूळ." माझा हात धरून पहिलं अक्षर तुम्हीच गिरवून घेतलं होतं, बाई. मी तुमच्या तोंडाकडे पाहत राहिले, तुम्ही पीठ मळत राहिलात.

चिठ्ठी एकटीनं वाचा. तुम्हाला वाचता येतं हे अजून घरात कुणाला ठाऊक नाही. कुणी शिकवलं म्हणून मामाजींनी सकाळी पुन्हा विचारलं, तेव्हा मी भावाचं नाव सांगितलं. तो आत्ता ओसरीवर तुमच्या वाट्याची बोलणी खातो आहे.

गोदावरी